घटसर्पाची लस म्हशीला मिळाली, मुलीला नाही

बारा वर्षांवरचं मूल आजारी पडलं की सरकारी रुग्णालयात ते बालरोग विभागात जात नाही, आमच्याकडे, म्हणजे मेडिसिनच्या वॉर्डात येतं. काही वर्षांपूर्वी अशीच एक तेरा वर्षांची मुलगी आली. घाटमाथ्याकडच्या एका धनगरवाड्यावरची. मान दोन्ही बाजूंनी इतकी सुजलेली की हनुवटी आणि गळा एकच दिसत होता. तोंड उघडायला लावून टॉर्च मारली, तर टॉन्सिलवरून पडजिभेपर्यंत राखाडी, चामड्यासारखा पडदा पसरलेला. कडेला जरा धक्का लागला आणि रक्त आलं. माझ्यासोबतच्या निवासी डॉक्टरने हे चित्र तोवर फक्त पुस्तकात पाहिलं होतं.

बाहेर बापाला सांगितलं, "दादा, पोरीला घटसर्प झालाय." तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "सायब, घटसर्प म्हंजी म्हशीस्नी हुतो त्यो न्हवं? आमी तर मे म्हैन्यातच समद्या जनावरास्नी सुया टोचून घेतल्यात्या."

त्याचं चुकलं नव्हतं. जनावरांच्या एका आजाराला आपल्याकडे घटसर्प म्हणतात, त्यातही गळा सुजतो आणि घुरघुर लागते. पण त्याचा जंतू वेगळा. माणसाच्या घटसर्पाला आम्ही डिप्थीरिया म्हणतो. नाव एक, रोग दोन. म्हशींची लस पावसाळ्याआधी वाड्यावर पोचली होती. मुलीची, पाचव्या वर्षी द्यायची, राहून गेली होती. दहाव्या वर्षाचीही.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते सांगतो, पण त्याआधी हा आजार नेमका कसा मारतो ते सांगायला हवं. कारण सुशिक्षित घरांतसुद्धा, आणि खरं सांगायचं तर काही डॉक्टरांतही, एक समज पक्का बसलेला आहे: जंतू शिरला, अँटिबायोटिक दिलं, जंतू मेला, रोगी बरा. अनेक आजारांत हे खरं आहे. पण काही जंतूंच्या बाबतीत खरा मारेकरी जंतू नसतोच. मारेकरी असतं त्याने तयार करून सोडलेलं विष.

१८८४ साली जर्मनीत लोफ्लर यांनी घटसर्पाचा जंतू वेगळा काढला, तेव्हा त्यांना एक कोडं पडलं होतं. दगावलेल्यांच्या घशात जंतू सापडत होते, पण हृदय, मूत्रपिंडं, मज्जातंतू तपासले तर तिथे जंतूंचा पत्ता नाही, आणि हानी मात्र झालेली. चोर घशात बसून होता आणि घरफोडी काळजात झाली होती. चार वर्षांनी, १८८८ मध्ये, पॅरिसला रू आणि येर्सां यांनी ते कोडं सोडवलं. जंतू वाढवलेलं पाणी त्यांनी इतक्या बारीक गाळणीतून गाळलं की त्यात एकही जंतू उरू नये. ते गाळलेलं पाणी प्राण्यांना टोचलं, आणि जंतूविना प्राणी घटसर्पाच्याच लक्षणांनी मेले. (हेच येर्सां पुढे प्लेगच्या जंतूमुळे प्रसिद्ध झाले.)

हे विष काम कसं करतं, ते आज आपल्याला रेणूच्या पातळीवर माहीत आहे. त्याचे दोन भाग असतात. एक भाग पेशीच्या दाराची कडी ओळखतो आणि तिला चिकटतो. त्याच्या आधाराने दुसरा भाग आत शिरतो. आपल्या प्रत्येक पेशीत प्रथिनं बनवण्याचा कारखाना अहोरात्र चालू असतो. त्या कारखान्यातला पट्टा पुढे सरकवणारं एक प्रथिन असतं. आत शिरलेला विषाचा तुकडा त्या प्रथिनालाच कुलूप घालतो. पट्टा थांबला की नवीन प्रथिन नाही, आणि प्रथिन नाही म्हणजे काही वेळाने पेशी मेली. हा तुकडा कुलूप घालून थांबत नाही, पुढच्याला जातो, मग त्याच्या पुढच्याला. म्हणून असा एकच रेणू आत गेला तरी एक पेशी मारायला पुरतो, हे प्रयोगांत दिसलेलं आहे. माणसाला मारायला लागणारं प्रमाणही असंच भयंकर कमी: शरीराच्या दर किलोमागे साधारण एका ग्रॅमचा एक कोटीवा भाग.

घशात मेलेल्या पेशी, रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि जंतू यांचा थर जमतो, तोच तो राखाडी पडदा. विष तिथून रक्तात उतरतं आणि हृदयाच्या स्नायूंत, मज्जातंतूंत जातं. त्याचे परिणाम मात्र लगेच दिसत नाहीत. हृदयाला आठ-पंधरा दिवस लागतात, मज्जातंतूंना कधी कधी महिना-दीड महिना.

यातली आणखी एक गोष्ट मला आजही चकित करते. विष तयार करण्याची कृती या जंतूच्या मूळ वहीत नसतेच. जंतूला ज्याची लागण होते अशा एका विषाणूने ती त्याच्यात आणून ठेवलेली असते. ज्या जंतूला तो विषाणू लागलेला नाही, तो घशात राहूनही असा घात करत नाही. म्हणजे जंतूलाही आजार होतो, आणि त्याचा तो आजार आपल्याला मारतो.

आता त्या मुलीकडे येऊ. ती आमच्याकडे आली ती घसा दुखायला लागल्याच्या पाचव्या दिवशी. पेनिसिलिन लगेच सुरू केलं. पेनिसिलिन जंतू मारतं, नवं विष बनणं थांबवतं, दुसऱ्यांना होणारा प्रसार थांबवतं. जे विष आधीच रक्तात आहे, त्याचं ते काहीही करू शकत नाही. त्यासाठी लागतं प्रतिविष. तेही रक्तात फिरणाऱ्या, अजून पेशीत न शिरलेल्या विषालाच पकडू शकतं. एकदा विष पेशीत गेलं की जगातलं कुठलंही औषध त्याला बाहेर काढत नाही. म्हणून या आजारात स्वॅबच्या अहवालाची वाट बघत बसायचं नसतं. संशय आला की प्रतिविष द्यायचं, पहिल्या-दुसऱ्या दिवशी दिलं तर फार उत्तम.

आम्ही फोन लावत बसलो. आमच्या साठ्यात नव्हतं, शेजारच्या जिल्ह्यात नव्हतं, औषध दुकानदारांकडे असण्याचा प्रश्नच नव्हता. शेवटी बर्फाच्या डब्यातून कुपी आली ती दाखल झाल्याच्या तिसऱ्या दिवशी. म्हणजे आजाराचा आठवा दिवस.

त्यानंतर पडदा सुटत गेला. मानेची सूज उतरली. मुलगी उठून बसली, बोलायला लागली. आवाज मात्र नाकातून येत होता आणि पाणी प्यायली की नाकातून बाहेर येत होतं. टाळूचा मज्जातंतू गेल्याची ती खूण. पण बापाच्या दृष्टीने पोर बरी झाली होती. "कधी सोडताय सायब? म्हशी शेजाऱ्यावर सोडून आलोय." दुसऱ्यांदा पाठवलेल्या स्वॅबमध्ये जंतू नव्हता. कागदोपत्री आम्ही लढाई जिंकली होती.

बाराव्या दिवशी सकाळी फेरीला तिच्या मनगटावर बोट ठेवलं आणि नाडी चाळीसवर आली होती. ईसीजीमध्ये हृदयाच्या वरच्या कप्प्यांचा आणि खालच्या कप्प्यांचा संबंध तुटलेला. तात्पुरता पेसमेकर घातला, पण पेसमेकर ठोका देतो, आकुंचन पावायला स्नायू जिवंत लागतो. दुसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. तिच्या शरीरात तेव्हा घटसर्पाचा एकही जिवंत जंतू सापडला नसता.

बापाने मला एकच विचारलं, "म्हशीची सुई हिला चालली नसती का?"

हा प्रश्न मी त्यानंतर बऱ्याच बैठकांत, बऱ्याच साहेबांना सांगितला आहे. काही जण हसले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. जनावरांचा दवाखाना त्याच्या वाड्यापर्यंत दर पावसाळ्याआधी पोचत होता, कारण म्हैस मेली तर दूध जातं, दूध गेलं तर घर बसतं, हे त्यालाही कळत होतं आणि खात्यालाही. आपले शेतकरी या बाबतीत शहरातल्या शिकलेल्या माणसांपेक्षा जाणते आहेत. मेंढपाळाला विचारा, तो 'आंत्रविषार' सांगेल. कोवळा चारा भरपूर खाल्ला की मेंढीच्या आतड्यात एक जंतू वाढतो, विष सोडतो आणि धडधाकट मेंढी सकाळी मेलेली सापडते. नावातच विष आहे. मेंढपाळ त्यावर औषध शोधत नाही, पावसाळ्याआधी लस टोचतो, कारण लक्षण दिसल्यावर वेळ उरत नाही हे त्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे.

लस म्हणजे तरी काय? १९२०च्या दशकात रामाँ या फ्रेंच पशुवैद्यांनी (पुन्हा जनावरांचा डॉक्टर!) घटसर्पाच्या विषात फॉर्मॅलिन घालून ते उबेला ठेवलं. त्यामुळे विषाचा दात पडला, पण चेहरा तोच राहिला. हे निर्विष झालेलं विष टोचलं की शरीर तो चेहरा लक्षात ठेवतं आणि खरं विष आलं की पेशीच्या दारापाशी पोचण्याआधीच त्याला पकडतं. घटसर्प आणि धनुर्वात या दोन्हींच्या लसी अशाच बनतात. म्हणजे या लसी जंतूविरुद्ध नाहीतच, विषाविरुद्ध आहेत. आणि ही आठवण कायमची नसते, ती पुसट होत जाते. म्हणून बूस्टर.

आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बाळाला दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना ही लस मिळते, मग दीड ते दोन वर्षांत एक बूस्टर, पाच ते सहा वर्षांत दुसरा. त्यानंतर दहाव्या आणि सोळाव्या वर्षी टीडी, आणि गरोदरपणात टीडी. पहिल्या वर्षीच्या लसी आपण चांगल्या देतो. नर्सताई आणि आशाताई यांच्या वहीत बाळाचं नाव असतं, त्या घरी जातात, आईला हाक मारतात. पण पाच वर्षांचं मूल कुणाच्याच वहीत नीट नसतं. ते अंगणवाडीतून सुटलेलं असतं आणि शाळेत नुकतंच चिकटलेलं असतं. नेमकी तिथे आपली साखळी तुटते. ऊसतोड कामगारांच्या मुलांचं तर विचारूच नका. दिवाळीच्या सुमाराला ती बीडकडून आपल्या कारखान्यांच्या पट्ट्यात येतात, उन्हाळ्याच्या तोंडावर परत जातात. तिकडच्या शाळेत शिबिर झालं तेव्हा ती इकडच्या फडावर असतात, इकडे झालं तेव्हा तिकडे.

याचा परिणाम असा की घटसर्प आता तान्ह्या बाळांपेक्षा शाळकरी आणि मोठ्या मुलांत दिसू लागला आहे. केरळात, जिथली आरोग्यव्यवस्था आपण सगळे वाखाणतो, तिथे मलप्पुरम जिल्ह्यात २०१६ साली शाळकरी वयातली मुलं घटसर्पाने दगावली. २०१८च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीच्या संसर्गजन्य रोगांच्या रुग्णालयात काही आठवड्यांत वीसहून अधिक मुलं गेली, आणि तिथेही प्रतिविषाचा तुटवडा हीच बातमी होती. देशाच्या राजधानीत.

आणि ज्या महाराष्ट्रात आम्ही फोन फिरवत बसलो होतो, त्या महाराष्ट्राचा इतिहास काय आहे बघा. १८९० साली बेहरिंग आणि कितासातो यांनी बर्लिनमध्ये दाखवलं की विष थोडं थोडं पचवलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात त्या विषाचा उतारा तयार होतो. बेहरिंग यांना १९०१ चं वैद्यकाचं पहिलं नोबेल मिळालं ते याच कामासाठी. मग हा उतारा घोड्यांत तयार करायला सुरुवात झाली, कारण घोड्याचं रक्त भरपूर. सापाच्या विषावरची लस आपण म्हणतो तीही अशीच, घोड्याच्या रक्तातून आलेली. आपल्याकडे मुंबईच्या हाफकिनने हे काम वर्षानुवर्षं केलं, पिंपरीला त्यांच्या घोड्यांच्या पागा होत्या. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या स्टड फार्मवरचे शर्यतीतून निवृत्त झालेले घोडे हाफकिनकडे जायचे. ते घोडे देण्यापेक्षा सीरम आपणच बनवावं, या विचारातून १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली, आणि तिचं सुरुवातीचं उत्पादन होतं धनुर्वाताचं प्रतिविष. जगभर लसी पुरवणारा हा व्यवसाय जंतूच्या विषावरच्या उताऱ्यातून जन्मला आहे. आणि त्याच राज्यात एका तेरा वर्षांच्या मुलीसाठी कुपी मिळायला तीन दिवस लागतात.

यामागचं कारण फार साधं आहे, आणि ते कुणी मोठ्याने बोलत नाही. घटसर्पाचं प्रतिविष क्वचित लागतं. मागवून ठेवलं तर बहुतेक वेळा न वापरता त्याची मुदत संपते. मुदत संपली की लेखापरीक्षणात शेरा येतो: औषध वाया गेलं, जबाबदार कोण? त्यामुळे कुठलाही शहाणा अधिकारी ते मागवतच नाही. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या जागी मीही कदाचित तेच केलं असतं. पण रुग्णालयाच्या भिंतीवर आग विझवायची लाल नळकांडी टांगलेली असतात, तीही न वापरता कालबाह्य होतात, ती आपण बदलतो, आणि 'यंदा आग का लागली नाही' असा शेरा कुणी मारत नाही. प्रत्येक जिल्ह्यात नको, विभागात एका ठिकाणी, कोल्हापूर-सांगली-सातारा-सोलापूर मिळून एका शीतपेटीत या कुप्या ठेवा, त्या कुठे आहेत हे प्रत्येक तालुक्याच्या डॉक्टरला माहीत असू द्या, आणि मुदत संपलेल्या कुपीला नासाडी न म्हणता राखीव साठ्याचा खर्च म्हणा. सरकारी कागदावर एक शब्द बदलायचा आहे.

दुसरी गोष्ट शाळेची. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. मुलाला शाळेत न घालणाऱ्या पालकाला दंड होता. ज्या गावाने शंभर वर्षांपूर्वी शाळेचा दाखला घराघरात पोचवला, त्या गावात पहिलीच्या प्रवेशाच्या दिवशी लसीकरणाचं कार्ड बघणं अवघड का असावं? मुलाला प्रवेश नाकारण्यासाठी नव्हे. कार्ड नसेल, बूस्टर राहिला असेल, तर त्या आठवड्यात तिथेच टोचण्यासाठी. शिक्षक मंडळी लगेच म्हणतील, आणखी एक काम आमच्या गळ्यात. त्यांचं म्हणणं रास्त आहे. जनगणनेपासून निवडणुकीपर्यंत सगळं त्यांच्याच माथी आहे. म्हणून शिक्षकाने फक्त यादी द्यावी, टोचायला शालेय आरोग्य तपासणीचं पथक जातंच. डॉक्टर आणि नर्स असलेलं वाहन शाळेच्या दारात उभं असताना मुलांची उंची-वजनं मोजून परत येणं मला पटत नाही.

तिसरी गोष्ट तुमची-आमची. हाताला खिळा लागला, विळा लागला, गाडीवरून पडलो की आपण दवाखान्यात जाऊन म्हणतो, "डॉक्टर, टीटी मारा." टीटी म्हणजे फक्त धनुर्वाताची लस. तिच्या जागी आता टीडी आहे, जिच्यात घटसर्पाचाही अंश असतो. सरकारी कार्यक्रमात २०१९ पासून हा बदल सुरू झाला. दुखणं तेवढंच, सुई तीच, संरक्षण दोन्हींपासून. तरी कितीतरी ठिकाणी सवयीने टीटीच दिली जाते. पुढच्या वेळी टीडी मागा.

धनुर्वातावरून आठवलं, गंजलेल्या लोखंडाने धनुर्वात होतो हा समज काही जात नाही. गंजाचा काही संबंध नाही. त्याचे बीजाणू माती आणि शेणात असतात, आणि खोल जखमेत, जिथे हवा पोचत नाही, तिथे ते उमलतात. फडातल्या कोयत्याचा घाव, पायात मोडलेलं उसाचं बुडखं, कानात घातलेली काडी, काहीही चालतं. जंतू जखमेतच राहतो. त्याचं विष मज्जातंतूच्या आतून उलटं चालत पाठीच्या कण्यापर्यंत जातं. आपल्या प्रत्येक स्नायूला 'आकस' असा हुकूम जातो तसा 'आता सैल सोड' असाही हुकूम जातो. हे विष दुसऱ्या हुकुमाची टपालपेटीच कापून टाकतं. मग जबडा मिटतो तो उघडत नाही, पाठ धनुष्यासारखी वाकते, दिवा लावला किंवा दार वाजलं तरी झटका येतो. माणूस पूर्ण शुद्धीवर असतो, हे सर्वांत वाईट. नवी टपालपेटी तयार व्हायला आठवडे लागतात, तोवर रोग्याला फक्त जगवत राहायचं. आणि धनुर्वातातून वाचलेल्या माणसालाही लस द्यावी लागते. कारण जीव घ्यायला पुरणारं ते विष इतकं कमी असतं की शरीराला त्याची ओळखही पटत नाही.

सगळीच विषं पेशी मारतात असंही नाही. कॉलऱ्याचं विष तर पेशीला हातही लावत नाही असं वाटावं. कॉख यांनी कॉलऱ्याचा जंतू कोलकात्यात दाखवला तो १८८४ मध्ये, पण तो मारतो कसा हे कळायला आणखी ७५ वर्षं लागली. १९५९ मध्ये त्याच शहरात शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्याचा बांधलेला तुकडा घेतला, त्यात जंतू काढून टाकलेलं गाळीव पाणी सोडलं, आणि तो तुकडा पाण्याने फुगला. विष आतड्याच्या पेशीतला नळ उघडतं आणि चावी काढून घेतं, इतकंच. पेशी जिवंत असते, माणूस कोरडा पडून मरतो. म्हणून १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस मीठ-साखर-पाण्यावर माणसं वाचवू शकले: पेशी शाबूत असल्यामुळे साखरेचा हात धरून मीठ आणि पाणी आत जातंच. जुन्या पिढीतल्या वारकऱ्यांना कॉलऱ्याची सुई आठवत असेल. तो काळ गेला असं वाटतं, तर २०२२च्या जुलैत मेळघाटात चिखलदरा तालुक्यात उघड्या विहिरीच्या पाण्यातून कॉलरा आला आणि माणसं गेली.

आपल्याकडे यात्रा-जत्रांच्या दिवसांत दिसणारी विषं वेगळीच. २०२५च्या फेब्रुवारीत शिरोळ तालुक्यात शिवनाकवाडीला यात्रेतल्या महाप्रसादानंतर शेकडो लोक उलट्या-जुलाबांनी आजारी पडले, हे वाचकांना आठवत असेल. त्या एका घटनेची चिकित्सा इथे करायची नाही, पण अशा जेवणावळींच्या मागे बहुतेक वेळा काय असतं ते सांगतो. खीर, बासुंदी, खवा यांत वाढपी किंवा आचारी यांच्या बोटावरच्या फोडातून एक जंतू उतरतो आणि कोमट पदार्थात विष बनवून ठेवतो. ते विष उकळूनही जात नाही. "परत एक उकळी काढली होती की" असं प्रत्येक आचारी सांगतो, आणि ते खरंच असतं. उकळीने जंतू मरतो, विष तसंच राहतं. खाल्ल्यावर एक ते सहा तासांत उलट्या सुरू. शिळ्या भातातही असाच एक प्रकार असतो.

मटणाच्या रश्श्याची गोष्ट याच्या नेमकी उलटी. काहिलीभर रस्सा शिजला तरी एका जंतूचे बीजाणू उकळीतून जिवंत राहतात. रात्री काहील तशीच झाकून ठेवली की ती सकाळपर्यंत मधूनमधून कोमटच असते, आणि कोमट रश्श्यात हा जंतू साधारण दहा मिनिटांत दुप्पट होतो. एकाचे तासात चौसष्ट, तीन तासांत अडीच लाखांवर. तो पोटात गेल्यावर आतड्यात विष सोडतो आणि ते विष पेशींना अक्षरशः भोकं पाडतं. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा आणि जुलाब. इथे मात्र खळखळून दिलेली दुसरी उकळी वाचवते. त्याहून सोपं म्हणजे रस्सा काहिलीत न ठेवता उथळ परातींत, पातेल्यांत काढून लवकर गार करणं. यात्रा कमिटीचे लोक मंडपाला, स्पीकरला पैसे काढतात. चार पराती जास्त घ्यायला फार लागत नाहीत.

एका विषाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्याचा संबंध आपल्या 'सलाईन लावा' या आवडीशी आहे. काही जंतूंचं विष ते सोडत नाहीत, ते त्यांच्या अंगाच्या सालीतच असतं. जंतू मेला, फुटला की ते मोकळं होतं. पूर्वी सलाईन लावल्यावर रोग्याला हुडहुडी भरायची ती पुष्कळदा यानेच: बाटली निर्जंतुक असायची, पण मेलेल्या जंतूंची साल आत उरलेली. आजही रक्तात जंतू पसरले की रक्तदाब कोसळवण्यात याच सालीचा मोठा हात असतो. नुसत्या अशक्तपणासाठी हातात सुई टोचून घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलेलं बरं.

तो बाप मला पुन्हा भेटला. दोन वर्षांनी, जानेवारीत, बाह्यरुग्ण विभागात. स्वतःच्या पाठीसाठी आला होता. जाताना पिशवीतून एक चुरगळलेलं कार्ड काढलं. धाकट्या मुलाचं. "बगा सायब, समदं झालंय का." मी बघितलं. दीड वर्षाचा बूस्टर होता, पाचव्या वर्षाचा रकाना रिकामा. मुलगा सात वर्षांचा होता आणि बापाबरोबर आलेला होता, बाहेर बाकावर बसला होता. लसीकरणाची खोली त्याच मजल्यावर, चार दारं पलीकडे आहे. मी चिठ्ठी लिहिली आणि त्यांना घेऊन स्वतः गेलो, कारण जेवणाची सुट्टी व्हायला दहा मिनिटं उरली होती.